भिंतीतला राखणदार

आईला स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं तेव्हा ती चाळिशीला आली होती. त्याआधीची सगळी वर्षं लालबागच्या एका खोलीत गेली, पडद्याच्या अलीकडे चूल आणि पलीकडे सासरे झोपलेले. घाटकोपरला भाड्याने दोन खोल्या मिळाल्या, त्यातली मागची स्वयंपाकाची. तिला ओटा होता, मोरी होती, भिंतभर फळ्या होत्या आणि बाहेर उघडणारी एक खिडकी होती. पहिल्या दिवशी आईने आत जाऊन दार लावून घेतलं ते किती वेळ उघडेचना. बाबांनी बाहेरून विचारलं, "अगं, करतेयस काय आत?" आई म्हणाली, "काही नाही. बसलेय." हे आधीच सांगून ठेवते. पुढची सगळी गोष्ट एका झाडाची आहे असं वाटेल, पण आमची गेली ती ही खोली.

बिल्डिंग दोन मजली, जुनी, चुन्यात बांधलेली. आम्ही दुसऱ्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. खिडकीला लागून सांडपाण्याचा बिडाचा पाइप खाली जायचा आणि त्याचा एक जोड कायम पाझरायचा. त्या ओलीत, पाइप आणि भिंत यांच्या फटीत, एका पावसाळ्यानंतर पिंपळ उगवला. इवलासा. दोन-तीन पानं, तीसुद्धा तांबूस, नुकती न्हाऊन आल्यासारखी. खिडकीतून हात बाहेर काढला असता तर दोन बोटांत धरून उपटता आला असता. मी आईला तसं म्हटलंही.

"आपणहून आलाय गं," आई म्हणाली. "आपण थोडाच लावलाय?"

त्यात भर म्हणजे आई दर शनिवारी मारुतीच्या देवळाजवळच्या पिंपळाला पाणी घालायला जायची. गुडघे दुखत असताना दोन जिने उतरा, रस्ता ओलांडा, परत चढा. आता पिंपळच खिडकीशी आला म्हटल्यावर तिला काय, सोयच झाली. तिने तांब्या कलंडवला आणि हात जोडले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी तेव्हा कॉलेजात बॉटनी शिकत होते आणि शिकत असलेलं सगळं घरी येऊन ऐकवायची मला भारी खोड होती. आमच्या बाईंनी एकदा पिंपळाची फळं आणली आणि एकेक आमच्या हातात देऊन चिरायला लावली. भिंगाखाली आतमध्ये बारीक बारीक फुलं होती. पिंपळाला फुलं येत नाहीत असं आपण म्हणतो, ती येतात, पण फळाच्या आत तोंड लपवून बसतात. तिथे एक चिलटाएवढी गांधीलमाशी शिरते. दार इतकं अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. ती आत अंडी घालते, अंगावर आणलेला पराग फुलांना लावते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं आतच वाढतात, पोरी पराग घेऊन उडून जातात, पोरगे बिनपंखांचे, ते आतच संपतात. ही माशी नाही तर पिंपळाला बी नाही, आणि पिंपळ नाही तर ही माशी नाही.

हे मी जेवताना सांगितलं, अंजिराचंही असंच असतं हेही सांगितलं. बाबांनी त्या दिवसापासून सुकं अंजीर खायचं सोडलं ते सोडलंच.

"आणि ते बी भिंतीत कसं येतं माहितेय?" मी विचारलं. "कावळा, बुलबुल, साळुंकी, कोणीतरी फळ खातं आणि आपल्या पाइपावर बसून शिटतं. पोटातून आलेलं बी आणखी चांगलं रुजतं. म्हणजे आई, तू ज्याला पाणी घालतेस ना, तो कावळ्याच्या शिटेतून आलाय."

"मग काय झालं?" आई म्हणाली. "पितर कावळ्यातूनच येतात."

मी भात कालवायला घेतला.

पिंपळाला माती लागत नाही, हे त्याचं खरं दुखणं. म्हणजे आमचं. चुना आणि ओल एवढं त्याला पुरतं. मूळ फटीत शिरतं तेव्हा दोऱ्याएवढं असतं. मग ते आत जाऊन जाड होतं आणि जाड होताना विटांना म्हणतं, सरका. दुसऱ्या वर्षी ओट्याच्या वरच्या भिंतीला केसासारखी चीर गेली. आईने तिच्यावर कॅलेंडर टांगलं. त्याच्या पुढच्या वर्षी चीर कॅलेंडरच्या खाली उतरली, तर आईने वाण्याकडून जास्त लांबीचं कॅलेंडर मागून आणलं. मी हसले. आई हसली नाही. दुपारी सगळं आवरून झालं की ती कॅलेंडर उचलून बघायची आणि परत नीट सोडायची, हे मी दोन-तीनदा पाहिलं होतं.

फळी तिरकी झाली, डबे घसरायला लागले. पावसात भिंत पाझरायची आणि मीठ-साखरेचं पाणी व्हायचं. मग एक दिवस तळमजल्यावरच्या संडासाचं पाणी उलटं वर आलं. प्लंबरने पाइप उघडला तर आत मुळांची जटा, एखाद्या गोसाव्याची असावी तशी. तेव्हा कुठे बिल्डिंगला जाग आली. आमची भिंत फाटत होती तोवर ते आमचं होतं, संडास तुंबल्यावर ते सगळ्यांचं झालं.

पिंपळ काढायचा हे ठरलं. पण काढणार कोण? बिल्डिंगमध्ये बहुतेक सगळे आमच्यासारखेच कोकणातले, गिरणीच्या निमित्ताने मुंबईत आलेले. पिंपळाला कोयता लावला तर वंश बुडतो, हे प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, "आमचा एकुलता एक आहे हो." शेजारचे म्हणाले, "आमच्या सुनेला दिवस गेलेत." बाबा म्हणाले, "मला एकच मुलगी," आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पिंपळाच्या आधी जाणार. घरमालक शेठला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचा देव आहे, तुम्ही बघा." जुने भाडेकरू आपोआप निघताहेत म्हटल्यावर त्याला कशाची घाई?

मग हात न लावता मारायचे उपाय सुरू झाले. कोणीतरी सांगितलं, मुळात हिंग भरा. आईने चांगल्यातला हिंग आणून फटीत कोंबला. आठवडाभर सगळ्या बिल्डिंगला फोडणीचा वास आणि पिंपळाला नवीन पालवी. उकळतं पाणी ओतून झालं. संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतून झालं, त्याने भिंतीचा चुना तेवढा फसफसून निघाला आणि मुळाला आणखी जागा झाली. मी सांगून थकले की मूळ आत हातभर गेलंय, वरवरच्या उपायांनी काय डोंबल होणार? "तू तुझी बॉटनी कॉलेजात ठेव," बाबा म्हणाले.

शेवटी ठरलं की कुर्ल्याच्या एका ख्रिश्चन गवंड्याला बोलवायचं. त्याला पिंपळाचं पाप लागत नाही. हा विचार ज्याला सुचला त्याची पाठ सगळ्यांनी थोपटली. आईने मात्र एक अट घातली. आधी गाऱ्हाणं घालायचं. न विचारता घराबाहेर काढायचं नाही, माणसाला काय आणि झाडाला काय.

गाऱ्हाणं घालायला तळमजल्यावरचे आबा. गिरणीतून निवृत्त झालेले, संप चालू होता तेव्हा रोज फाटकाशी जाऊन बसायचे, म्हणायचे, सवय आहे. मालवणकडचे, आवाज खणखणीत. गावच्या देवळात त्यांच्या घराकडे गाऱ्हाण्याचा मान होता. शुक्रवारी संध्याकाळी सगळी बिल्डिंग आमच्या स्वयंपाकघरात मावेल तेवढी शिरली, बाकीची जिन्यात. खिडकीतून पिंपळाला हळदकुंकू लागलं, सुपारी-अक्षता ठेवल्या, खोडाला दोरा बांधला. आबांनी हातात नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जिन्यातून सुद्धा आवाज आला.

"आज ही तुझी लेकरां एक होवन तुझ्यासमोर उभी ऱ्हवली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तू हयसर पायपार येवन बसलंस. तुका अडचण, आमकां अडचण. आता तू आपल्या मोठ्या जाग्यार जा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर सगळं झकास चाललं होतं. आई डोळे मिटून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी थोडं हायसं दिसत होतं. आबांनी चुकलंमाकलं पदरात घ्यायला सांगितलं. आणि मग, आयुष्यभर जसं म्हणत आले तसं, श्वास न घेता पुढे म्हणून टाकलं, "आणि ह्या घरादाराची, ह्या पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी म्हटलं. आईने म्हटलं, बाबांनी म्हटलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही तोंडून गेलं. नारळ फुटला.

बाबांनी हळूच विचारलं, "आबा, जाणाऱ्याला राखण करायला सांगितलीत?"

आबा हातातल्या नारळाच्या भकलांकडे बघत राहिले. म्हणाले, "गाऱ्हाणां तसाच संपता रे."

झालं! वाट लागली. बिल्डिंगभर त्या रात्री कोणी मोठ्याने बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी आला, शिडी लावून वर चढला, दोरा-कुंकू बघितलं आणि खाली बघून विचारलं, "हे काय आहे?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खालून सांगितलं, "तो आता आमचा राखणदार आहे." गवंडी मुकाट्याने शिडी उतरला. बाबा त्याच्या पाठोपाठ रस्त्यापर्यंत गेले. "साहेब," तो बाबांना म्हणाला, "उद्या तुमच्या इथे कुणाचं पोर जिन्यावरून पडलं, तर बोंब माझ्या नावाने होणार. तुम्हीच सांगा, मी हात लावू?" बाबा जिना चढून परत आले. तो चुकीचं काय बोलत होता?

त्याच वर्षी पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा एकुलता एक, दोनदा गटांगळ्या खाल्लेला, दहावी पास झाला. कसा झाला ते त्याचं त्याला माहीत. पण काकू पेढे घेऊन आल्या त्या आमच्याकडे नाही, आमच्या खिडकीकडे. पुढच्या शनिवारी आणखी दोघी आल्या. मग दर शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात तांब्या. झाडापर्यंत पोचायला दुसरी वाटच नव्हती ना. एकेक जण ओट्याला वळसा घालून खिडकीशी जायची आणि आमच्या भिंतीत पाणी ओतायची. आणि आई? आई त्यांना चहा करून द्यायची! त्याच ओट्यावर, त्याच भिंतीखाली, डोक्यावर चीर आणि समोर आधणाचं पातेलं.

मी एकदा फाडफाड बोलले सगळ्यांना. "अहो, तुम्ही आमचं घर पाडताय, कळतंय का? एकेका तांब्याने पाडताय!" बाया हिरमुसल्या. काकू म्हणाल्या, "कॉलेजात जायला लागल्या की अशाच होतात." आणि आईने मला पुढच्या खोलीत नेऊन सांगितलं, "दारात आलेल्या बाईला परत पाठवू मी? ह्याच जिन्यावर राहायचंय मला." ती रडत नव्हती. तिचा आवाज इतका थकलेला होता की माझा सगळा ताव उतरला.

एका दुपारी आई देवळात कीर्तनाला गेली तेव्हा मी विळी घेतली, खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि पिंपळ कापला. मनगटाएवढं खोड, विळी ती, कापता कापता हाताला फोड आले. पांढरा चीक बोटांवर चिकटला तो साबणाने निघेना. फांद्या खाली टाकून दिल्या. आई आली, तिने खिडकी पाहिली, माझे हात पाहिले. वाटलं, आता एक लगावणार. तर ती माझे दोन्ही हात धरून मटकन खाली बसली. "तुझं लग्न व्हायचंय गं," एवढंच म्हणाली आणि माझ्या फोडांना खोबरेल लावत राहिली.

आणि सांगू? काही उपयोग झाला नाही. पुस्तकात मी वाचलेलं होतं, समोर बघितलं नव्हतं. वरचं कापलं की मुळांत साठलेलं सगळं बळ नव्या कोंबांना मिळतं. महिन्याभरात एका खोडाच्या जागी कोंबांचा झुबका आला. बाया म्हणाल्या, "बघितलंत? तोडला तरी आला." शनिवारची रांग जिन्यापर्यंत गेली.

भिंत श्रावणात पडली. सकाळची वेळ, आई दुधाचं भांडं घेऊन पुढच्या दाराशी गेली होती. आधी वाळू सांडल्यासारखा आवाज आला, मग फळ्यांवरची पितळेची भांडी एकामागून एक कोसळली, मग धडाड. धूळ बसली तेव्हा ओट्याच्या मागे भिंतच नव्हती. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं टॉवेल गुंडाळून आमच्या स्वयंपाकघरात बघत होती. पाऊस सरळ शेगडीवर पडत होता. आणि कोपऱ्यात, पाइपाला धरून, पिंपळ जागच्या जागी उभा. भिंतीचा जो काही तुकडा उरला होता तो त्याच्याच मुळांनी आवळून धरलेला होता. आधी फोडलं त्यानेच आणि आता सांभाळत होता तोच. ह्याला काय म्हणायचं मला कळेना.

आबा काठी टेकत वर आले. त्यांनी सगळीकडे बघितलं आणि हात जोडले. "कोणाक खरचाटला पण नाय," म्हणाले. "राखण केल्यान म्हाराजान."

मी किंचाळणार होते. पण आई दुधाचं भांडं तसंच हातात धरून उभी होती आणि तिने मान हलवली. हो म्हणाली ती. आपल्या मोडलेल्या ओट्याकडे बघत हो म्हणाली. मग तिने चिखलातून एक डबा उचलला, पदराने पुसला आणि ठेवायला जागा शोधत राहिली. फळी नव्हती. तो डबा ती दिवसभर कडेवर घेऊन फिरत होती.

आमचा कोपरा धोक्याचा, म्हणून आम्हाला निघावं लागलं. बाकीच्यांना टेकू लावून राहता आलं. सगळ्या बाया रडल्या, काकू तर आईच्या गळ्यात पडून रडल्या, आणि जिन्यातच एकीने दुसरीला विचारलं की आता शनिवारी पाणी घालायला वर जाता येईल का. ते मी ऐकलं. आईनेही ऐकलं असणार.

नाहूरला एक खोली मिळाली. एकच. चूल पुन्हा पडद्याच्या अलीकडे आली, आणि पलीकडे आता आम्ही होतो. आईने एका शब्दाने तक्रार केली नाही, ते मला जास्त लागायचं. बरोबर आणलेल्या सामानात तिची तुळशीची कुंडी होती, घाटकोपरला पुढच्या गॅलरीत असायची ती. नाहूरला ती खिडकीच्या गजांत बसवली. दुसऱ्या वर्षी एका सकाळी आईने मला हाक मारली. तिचा आवाज बदललेला होता.

कुंडीत तुळशीच्या बुंध्याशी दोन पानं आली होती. तांबूस. नुकती न्हाऊन आल्यासारखी.

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "उपट. मी बघत नाही."

आई असं म्हणेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी दोन बोटांत रोप धरलं आणि ओढलं. तर तुळस हलायला लागली. मी माती उकरून पाहिलं. पिंपळाचं मूळ तुळशीच्या मुळांत असं विणलं गेलं होतं की कुठलं कोणाचं ते कळत नव्हतं. आणखी ओढलं असतं तर दोन्ही आली असती. आजीच्या हातची तुळस ती, आईने लालबागहून घाटकोपरला आणि घाटकोपरहून इथे आणलेली. मी नखाने पिंपळाचं रोप मातीलगत खुडलं.

"मुळासकट आलं?" आईने पाठमोरीच विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी तिथे पुन्हा तांबडी टोकं वर आली, या वेळी दोन. आईने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. आंघोळ करून आली, ओल्या केसांनी तांब्या भरला, आणि कुंडीपुढे उभी राहिली. हात वर गेला आणि तिथेच थांबला.

"तुळशीला पाणी तर घालायलाच हवं ना गं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू मी नाही म्हणेन. मी मान खाली घातली. तिने तांब्या कलंडवला.